निर्मला वहिनी, तुझे जी-एच-टीचे शब्द

वहिनी, तुझ्या तेराव्याला पंगत बसली होती. मी भाताचं पातेलं घेऊन वाढत होतो. मागच्या ओळीतली एक म्हातारी बुंदी चघळत म्हणाली, "अहेव गेली गो. नशीब काढलान पोरीनं." शेजारच्या बायांनी माना हलवल्या. एकोणतीस वर्षांची बाई मेली, दोन मुली दाराआड उभ्या, तिसरी आत गोधडीत, आणि नशीब काढलं म्हणे! का, तर नवऱ्याच्या आधी मेली. मी पातेलं तिथेच खाली ठेवलं आणि निघालो. मागून आई ओरडली, "वाडायचं टाकून कुठं चाल्ला?" मी वळलो नाही. आपल्या विचुंबे गावाहून नवीन पनवेलपर्यंत चालत आलो. त्या घरात तुझ्याशी बोलण्यासारखी जागाच उरली नव्हती. म्हणून आज, इतक्या दिवसांनी, इथे माझ्या भाड्याच्या खोलीत बसून बोलतोय.

तू आमच्या घरी आलीस तेव्हा मी दहावीला इंग्रजीत नापास होऊन बसलो होतो. बाबा जाऊन दोन-तीन वर्षं झाली होती. दादाने खालच्या अंगाची शेती नुकतीच बिल्डरला दिली होती, ट्रक घेतला होता, स्लॅबचं घर बांधलं होतं. त्या घराला शोभेल अशी शिकलेली बायको त्याला हवी होती. तू उरणकडच्या प्राथमिक शिक्षकाची मुलगी, बी.ए. झालेली. लग्नाच्या पत्रिका वाटताना आई दारोदार सांगायची, "सून बिये हाय, इंग्लिश घेऊन." ट्रक सहाचाकी आहे हेही ती त्याच सुरात सांगायची.

मी तुला पहिल्या दिवसापासून 'तू' म्हणालो, आमच्यात वहिनीला तसंच म्हणतात. तू मात्र मला, त्या नापास पोराला, 'भावजी, तुम्ही' म्हणायचीस. मला कुणी 'तुम्ही' म्हणण्याची ती पहिलीच वेळ.

लग्नानंतर काही दिवसांनी तू परसात सुकट निवडत बसली होतीस आणि मी पायरीवर पुस्तक उघडून मोठ्याने वाचत होतो. रात्रीला मी 'निघ्ट' म्हणत होतो. उजेडाला 'लिघ्ट'. मुलीला 'डाऊघ्टर' म्हणालो तेव्हा तू सूप खाली ठेवलंस आणि तोंडाला पदर लावून हसलीस. मी चिडलो. तू डोळे पुसत म्हणालीस, "भावजी, जी आणि एच दोघंही घरात आहेत, पण बोलत नाहीत. बोलतो फक्त टी. नाइट. लाइट. डॉटर."

"बोलत नाहीत तर ठेवलेत कशाला?"

"काढले तर शब्द चुकतो. मार्क जातो."

तिथून आपली शिकवणी सुरू झाली. तुझी रीत वेगळी होती. शाळेत सरांनी आम्हाला धड्यामागून धडे पाठ करायला लावले होते. तू अक्षरांचे जुडगे धरलेस. आज जी-एच-टी, तेही फक्त नामं. "क्रियापदांच्या मागे नंतर लागू," म्हणायचीस. "नाम म्हणजे ज्याला हात लावता येतो, नाहीतर ज्याच्यासाठी भांडता येतं." वेट म्हणजे वजन, असं सांगून मला पाटा उचलायला लावलास. हाइट म्हणजे उंची, म्हणून दारात ताठ उभं केलंस. फ्राइट म्हणजे भीती, असं म्हणालीस आणि हळूच आईच्या खोलीकडे बोट केलंस. फ्लाइटचे तर दोन अर्थ सांगितलेस, उड्डाण आणि पळ काढणं. साइट म्हणजे दृष्टी, हे सांगितल्यावर मी विचारलं, "मग दादा रोज साइटवर जातो तो कुठे जातो?" तेव्हा विटांचा ट्रक दारातच उभा होता. तू इतकी हसलीस की आई बाहेर आली. "काय चाल्लंय? सुकट कावळं नेतील." ती आत गेल्यावर तू कुजबुजलीस, "ती साइट वेगळी. तिच्यात जी-एच नाहीत."

आणि मग तो लाफ्टर. त्याच्यावरून आपण किती भांडलो! तीच अक्षरं, तोच जी-एच-टी, डॉटरच्या शेवटासारखाच शेवट. मग हा 'लॉटर' का नाही? इथे जी-एचला अचानक फ चा आवाज कुठून आला? आणि त्याच लाफ्टरच्या आधी एस लावला की पुन्हा मुका, स्लॉटर, म्हणजे कत्तल. "डोक्यात एक नियम बसला की तू लगेच अपवाद आणतेस," मी म्हणालो. तू म्हणालीस, "इंग्रजीला 'का' विचारायचं नाही. जसं आहे तसं पाठ करायचं." मी म्हणालो, का विचारल्याशिवाय मला पाठ होत नाही. तू म्हणालीस, मग पुन्हा नापास व्हा. दोन दिवस आपण बोललो नाही. हे भांडण मिटलं नाही, वहिनी. आज तर मला ते जास्तच पटत नाही. तू इंग्रजीला का म्हणून विचारलं नाहीस, आणि आमच्या घरालाही नाही. जसं होतं तसं पाठ केलंस.

ऑक्टोबरच्या परीक्षेत मी पास झालो. पुढे बारावी झालो. उरणच्या बाजूला कंटेनर यार्डात कारकून म्हणून लागलो तेव्हा पहिल्याच दिवशी साहेबाने एक कागद पुढे सरकवला. त्यावर फ्रेट होतं, ग्रॉस वेट होतं. माझ्या बरोबरचा मुलगा 'फ्राइट' वाचून अडला. मी अडलो नाही. तू सांगून ठेवलं होतंस की फ्रेट म्हणजे वाहून न्यायचा माल, आय आणि ई बघून वाचा, घाई करू नका. मी आज ज्या पगारावर घर चालवतो तो तुझ्यामुळे. हे तुला एकदा नीट सांगायचं होतं. पहिल्या पगाराची साडी आणली तेव्हा सांगणार होतो, पण आई समोर होती, तिच्यासाठीही तशीच साडी आणली होती, आणि मी नुसतं "घे" म्हणालो.

तुझ्या बी.ए.चा घराला काय उपयोग झाला? दादाच्या ट्रकवर रंगाऱ्याने इंग्रजी पाटी लिहिली, तिचं स्पेलिंग तू दिलंस. फ्रिज आला तेव्हा त्याच्यासोबतचं पुस्तक वाचून दाखवलंस. बिल्डरचा माणूस कागद घेऊन आला की दादा तुला बाहेर बोलवायचा, तू उभ्याउभ्या वाचायचीस, अर्थ सांगायचीस आणि चहा करायला आत जायचीस. स्वाती झाली, मग ज्योती झाली. ज्योतीच्या वेळी पोट फाडावं लागलं, रक्तदाब चढला होता. डॉक्टरीणबाईंनी दादाला समोर बसवून सांगितलं होतं, आता पुरे, पुढचं बाळंतपण धोक्याचं आहे. मी तिथेच होतो. दादाने मान हलवली होती.

त्यानंतर नवीन पनवेलमध्ये एक इंग्रजी शाळा निघाली. सेक्टरांमध्ये रोज नवी कुटुंबं राहायला येत होती, सगळ्यांना मुलं इंग्रजीत घालायची होती आणि शिकवायला माणसं मिळत नव्हती. तू अर्ज केलास. मी स्कूटरवरून तुला मुलाखतीला नेलं. मोठ्या बाईंनी प्रश्न विचारण्याऐवजी तुला थेट पाचवीच्या वर्गावर उभं केलं. मी खिडकीशी होतो. तू फळ्यावर जी-एच-टी लिहिलंस आणि एका मुलीला वेट दाखवायला दुसरीला उचलायला लावलंस. वर्ग खिदळत होता आणि मागे उभ्या असलेल्या मोठ्या बाईसुद्धा हसत होत्या. बाहेर आलीस तेव्हा तुझा चेहरा मी ओळखलाच नाही. "जूनपासून या म्हणाल्या," एवढंच बोललीस. वाटेत उसाच्या गुऱ्हाळावर थांबायला लावलंस, एक ग्लास प्यायलीस, आणखी एक मागवलास. लग्नानंतर स्वतःसाठी काही दुसऱ्यांदा मागताना मी तुला तेव्हाच पाहिलं.

संध्याकाळी दादा जेवत होता. त्याने विचारलं, "पगार किती?"

तू सांगितलास.

"तेवडा मी डायवरला देतो."

"पैशासाठी नाही," तू म्हणालीस.

"मंग कशापायी?"

तू त्याच्या ताटात भात वाढलास. मी म्हणालो, "तिने शिकवलं म्हणून मी पास झालो, दादा. तिला येतं ते."

"तू गप ऱ्हा. लोक बोलतील, घरात ट्रक हाय आनि बायको पोरं हाकायला जाते."

मग आई बोलली, अगदी मऊ आवाजात. "जाऊं दे की तिला. मी कुठं नाय बोलते? आधी येक पोरगा होऊं दे. मंग जा खुशाल शालंत. पोराला मी बगीन."

दादाने भात कालवता कालवता मान हलवली, जणू कुणी मोठा न्याय केला होता. आणि तू म्हणालीस, "चालेल."

दुसऱ्या दिवशी गच्चीवर तू मिरच्या वाळत घालत होतीस. मी तुझ्यावर ओरडलो. "चालेल कसं म्हणालीस? डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या ते विसरलीस?"

"विसरले नाही."

"मग मुलींना घे आणि माहेरी जा. तिथून नोकरी कर. मी पैसे देईन."

"माझे वडील रिटायर झालेत, भावजी. आणि मुली तुमचे दादा नेऊ देणार नाहीत." तू मिरच्या पसरत राहिलीस. "मला घर सोडून शाळा नको. घरात राहून शाळा हवी."

"ती अशी मिळणार नाही."

"बघू," म्हणालीस. "बाईंनी जागा ठेवते म्हटलंय. या जूनला नाही तर पुढच्या."

मी त्यानंतर दादाशीही बोललो. डॉक्टरीणबाईंचं नाव घेतलं तेव्हा त्याने माझ्या कानाखाली मारली. त्याच महिन्यात मी ही खोली भाड्याने घेतली. माझं लग्न झालं, सुनंदा आली. तू अधूनमधून बाजाराच्या निमित्ताने यायचीस.

त्या दिवाळीच्या सुमारास तुला काही दिवस बरं नव्हतं. आईने सांगितलं, "पडलं तिचं." आम्ही भेटायला आलो, तू भिंतीकडे तोंड करून झोपली होतीस. पुढे हिवाळ्यात एकदा तू स्वातीला शिकवत होतीस तेव्हा मी आलो. तेच जी-एच-टी. स्वाती हेल काढून म्हणत होती, थॉट म्हणजे विचार, लाफ्टर म्हणजे हसणं, डॉटर म्हणजे मुलगी. मी चेष्टेने म्हणालो, "स्लॉटर गाळलास की! मला तर बरोबर शिकवला होतास."

"तो परीक्षेला येत नाही," तू म्हणालीस आणि उठून आत गेलीस.

मला काही कळलं नाही. घरी गेल्यावर सुनंदाने सांगितलं. पडलं नव्हतं. दादाने तुला कुठल्याशा डॉक्टरकडे तपासायला नेलं होतं, मुलगी आहे म्हणाले, आणि तिथेच पिशवी साफ करून आणली होती. तू सुनंदाला सांगितलंस आणि मला सांगू नको म्हणून शपथ घातलीस. तिने ती मोडली. मी त्या दिवशी जेवलो नाही आणि दुसऱ्या दिवशी कामावर गेलो. काय करणार होतो? पोलिसांत जाऊ का, असं सुनंदालाच विचारलं. ती म्हणाली, "वहिनी नाही म्हणाल्या तर?" तू नाहीच म्हणाली असतीस.

पुढच्या पावसाळ्यात पुन्हा दिवस राहिले. पुन्हा तोच डॉक्टर. या वेळी तो म्हणाला, मुलगा. दादाने विचुंब्यात पार्टी दिली. आई तुला उठून पाणी घेऊ देईना. तुझे पाय सुजले होते, चेहरा सुजला होता, आणि बाया म्हणत होत्या, पोरग्याचंच लक्षण.

एप्रिलमध्ये तुला दवाखान्यात नेलं तेव्हा रक्तदाब इतका चढला होता की तुला समोरचं नीट दिसत नव्हतं. सकाळी पोट फाडलं. नर्स बाहेर आली आणि म्हणाली, "मुलगी." दादा तिला म्हणाला, "परत बघा." माझ्यासमोर म्हणाला, वहिनी. परत बघा! मग तो जिना उतरून गेला. पेढ्यांचा पुडा बाकावर तसाच राहिला.

दुपारी मी रक्त देऊन आलो तेव्हा तू शुद्धीवर होतीस. तुला सांगितलेलं होतं. मला पाहून तू हसलीस. कडवट नाही, दमून नाही, तोंडाला पदर लावून परसात हसायचीस तशी, फक्त पदर नव्हता आणि हात उचलत नव्हता. "डॉक्टर नापास," म्हणालीस. मग थोड्या वेळाने, "भावजी, शाळेत बाईंना सांगा. जूनमध्ये जमणार नाही."

"तू बरी हो. आपण जाऊ सांगायला."

"तुम्ही जा," तू म्हणालीस. "नक्की जा."

त्यानंतर रक्त थांबेना. ऊन उतरायच्या आत तू गेलीस.

तेराव्यानंतर मी शाळेत गेलो. मोठ्या बाईंनी मला बसवलं, पाणी दिलं. मी तुझा निरोप सांगितला. त्या गोंधळल्या. म्हणाल्या, "अहो, ती जागा तर गेल्या दिवाळीनंतर भरली. किती थांबणार? निर्मलाबाई स्वतः आल्या होत्या, मी त्यांना तोंडावर सांगितलं. रडल्या नाहीत. 'बरोबर आहे तुमचं' म्हणाल्या. जाताना त्या पाचवीच्या वर्गात जरा वेळ मागे बसू का म्हणून विचारलं. तास संपेपर्यंत बसल्या होत्या."

म्हणजे तुला माहीत होतं. दिवाळीपासून एप्रिलपर्यंत, सगळा वेळ. जून आला काय आणि न आला काय, शाळा नव्हती. आणि तू कुणालाच बोलली नाहीस. मी बाहेर रस्त्यावर उभा राहून मोठ्याने तुला शिव्या दिल्या, येणारे-जाणारे बघत होते. मी खूप विचार केला. तेव्हा तुला चौथा-पाचवा महिना होता, मागे फिरायची वाट नव्हती. घरात सांगितलं असतंस तर दादा म्हणाला असता, बरं झालं, कटकट गेली. मुलगा झाला की शाळा, एवढा एकच शब्द त्या घराने तुला दिला होता. तो फुकट गेलाय हे त्यांना कळू देण्यापेक्षा तू तो तसाच ठेवलास. आणि मला शाळेत पाठवलंस, कारण कुणाला तरी कळावं असं तुला वाटलं. असं मी समजतो. खरं काय ते तू सांगणार नाहीस. मला राग दादाचा आहे, आईचा आहे, त्या डॉक्टरचा आहे, तो अजून पाटी लावून बसलाय. पण सगळ्यात जास्त राग तुझा येतो, आणि तुझ्याशीच भांडता येत नाही.

परवा सकाळी दादा आला. सोबत आई, तिच्या मांडीवर दुपट्यात गुंडाळलेली मुलगी. दादाचं दुसरं लग्न ठरतंय, मे संपायच्या आत. नवरी मुलगी पेणकडची, सातवी शिकलेली. दादा खुर्चीच्या कडेवर बसला. "त्या लोकांना दोन पोरी चालतील बोलले," तो म्हणाला. "तिसरी तान्ही नको बोलतात. तुमाला अजून कुनी नाय. तवा..."

"स्वाती आणि ज्योतीला पण आण," मी म्हणालो. "तिघींना ठेवतो."

आईच मध्ये बोलली. "त्या कशाला? स्वाती आता भांडी घासते. ज्योती पन शिकंल. घरात लागतात त्या."

सुनंदा आतून आली. पुढे झाली आणि तिने आईच्या मांडीवरून मुलगी उचलून घेतली. आईने दुपटं मागे ओढलं, ते चांगलं होतं म्हणून. सुनंदाने मुलीला स्वतःच्या पदरात घेतलं.

दादा दारापर्यंत जाऊन थांबला. खाली बघत म्हणाला, "कवा बघायला आलो तं चालंल ना?"

"नाही," मी म्हणालो. "स्वाती-ज्योतीला शाळेतून काढलंस तर मात्र मी तिथे येईन. वकील घेऊन येईन. आणि त्या डॉक्टरचं नाव मला माहीत आहे, ते सगळीकडे सांगेन."

दादाने चपला पायात सरकवल्या. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं की नव्हतं, मी बघितलं नाही. ते गेले.

शेजारच्या काकूंनी काल विचारलं, कुणाची गं ही? सुनंदा म्हणाली, "आमची." तुझी मुलगी आम्ही घेतली, वहिनी, आणि तुला विचारलं नाही. त्या घराने तुला कधी काही विचारलं नव्हतं, त्यात आणखी एक. पण ती भुकेने रडत होती आणि सुनंदाने दूध कोमट करायला ठेवलं होतं.